कडू भोपळा : वाळवावा कसा, कोरावा कसा



दोघांचं पटत नसलं की आपण म्हणतो, त्यांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य आहे. आज या विळ्या-भोपळ्याची नीट गाठ कशी घालायची ते सांगणार आहे. म्हणजे भोपळा कापायचा, आतून कोरायचा आणि त्याची टिकाऊ वस्तू करायची.

तुम्ही म्हणाल, निमोण्याच्या शिवारात ऊस, कांदा, बाजरी सोडून हे भोपळ्याचं काय काढलं? तर मंडळी, बांधावर, कुंपणावर, विहिरीच्या काठावर एखादा वेल सहज येतो. त्याचा भोपळा वाळवला तर पाच-दहा वर्षं घरात राहतो. पण कडू भोपळ्याच्या बाबतीत दोन चुका अशा आहेत, की त्या जिवावर बेतू शकतात. त्या टळाव्यात म्हणूनही हे भाषण.

भोपळा कोरण्याची रीत जुनीच

अमेरिकेत ३१ ऑक्टोबरच्या रात्री हॅलोविन नावाचा सण असतो. तिथं लाल भोपळा पोखरून त्याला डोळे-नाक-तोंड कोरतात, आत दिवा लावतात आणि दारात ठेवतात. ही चाल मूळची आयर्लंडकडची. तिथं सलगम कोरत. लोक अमेरिकेत गेले, त्यांना मोठा भोपळा मिळाला आणि सलगम मागं पडला. आपण नाही का नव्या घराच्या दारात कोहळा टांगत? नजर लागू नये हीच भावना दोन्हीकडं.

फरक इतकाच, की ते ओला भोपळा कोरतात. ओला भोपळा आठवडाभरात बसतो, बुरशी धरतो आणि उकिरड्यावर जातो. आपली रीत आधी वाळवायचं, मग कोरायचं.

याचं मोठं उदाहरण मिरजेचं. एकोणिसाव्या शतकात तिथल्या शिकलगार घराण्यातले फरीदसाहेब तंतुवाद्यं करू लागले. हत्यारांना धार लावणारी ही मंडळी. त्यांच्या हाताला सतार-तंबोरा लागला. आज देशभरचे गवई मिरजेचा तंबोरा मागतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्या तंबोऱ्याचा जो गोल, घुमणारा भाग, तो शेतात पिकलेला कडू भोपळाच असतो. हे भोपळे सोलापूर जिल्ह्यात, पंढरपूर-मंगळवेढा भागात पिकतात. आपली घोड नदी ज्या भीमेला मिळते, त्याच भीमेच्या खोऱ्यातले ते शेतकरी.

वेल लावताना

लाल भोपळा या कामाला चालत नाही. त्याची साल वाळल्यावर लाकडासारखी होत नाही. पाहिजे तो दुधीच्याच जातकुळीतला, जाड सालीचा, कडू भोपळा. पावसाळ्याच्या तोंडाला शेणखत घालून आळ्यात बी टोकावं. फळ धरलं की त्याच्या बुडाखाली गवत किंवा पाचट घालावं. ओल्या मातीवर बसलेलं फळ खालून सडतं आणि एका बाजूनं चपटं होतं. लांब मानेचा भोपळा हवा असेल तर वेल मांडवावर चढवून फळ लोंबतं ठेवावं.

फळमाशीनं डंख केलेलं फळ वेडंवाकडं होतं, आत सडतं. अशी फळं तोडून खोल पुरावीत. कामगंध सापळा लावायचा तर काकडीवर्गीय पिकाचा, क्यू-ल्यूरचा, मागून घ्यावा. आंब्याचा सापळा इथं उपयोगाचा नाही.

तोडणी आणि वाळवण

घाई केली की सगळं फुकट जातं. कोवळा भोपळा वाळताना सुरकुततो आणि आत बसतो. वेल सुकला, देठ तपकिरी झाला, नख रुतेना, म्हणजे फळ तयार झालं समजा. दोन-तीन बोटं देठ ठेवून कापावं. फळ आपटू देऊ नये. आज न दिसलेली चीर वाळल्यावर उघडते.

मग हवेशीर सावलीत, बाजेवर किंवा फळीवर, एकमेकांना न लागता भोपळे मांडावेत. आठवड्यातून एकदा फिरवावेत. वरून काळी बुरशी येईल. तिला भिऊ नका, कोरड्या फडक्यानं पुसा. मात्र बोट दाबल्यावर मऊ लागला तर तो भोपळा गेला, बाजूला काढा. लहान भोपळा दीड-दोन महिन्यांत वाळतो, मोठ्याला पाच-सहा महिनेही लागतात. हलवल्यावर आत बिया खुळखुळल्या आणि भोपळा हाताला हलका लागला, की काम झालं.

कापणं आणि कोरणं

कोरण्याआधी तोंडाला-नाकाला फडकं बांधा. आतली भुकटी फार कडू असते, घशात गेली की ठसका सुटतो. मुलांना जवळ बसवू नका.

भोपळा पोत्याच्या चुंबळीवर ठेवावा, म्हणजे घरंगळत नाही. कापायची रेघ पेन्सिलीनं आखावी. इथं विळा किंवा कोयता चालवू नका. साल लाकडासारखी असते, पातं सटकतं आणि हात कापतो. रेघेवर गिरमिटानं एक भोक पाडावं, त्यातून बारीक दात्यांची करवत घालून सावकाश कापावं.

तोंड उघडलं की बिया आणि वाळलेला गर काढावा. राहिलेला गर चिकटून बसतो. तो निघण्यासाठी भोपळ्यात पाणी भरून रात्रभर ठेवावं, सकाळी पळीनं किंवा शिंपल्यानं खरवडावं. तोंड अरुंद असेल तर मूठभर खडी आणि पाणी घालून हलवावं. मग परत सावलीत वाळवून पॉलिशपेपरनं आतून-बाहेरून घासावं. बाहेरून जवसाच्या तेलाचा हात दिला की रंग खुलतो.

मिरजेचे कारागीर कापलेला भोपळा भिजवून मऊ करतात आणि आत काठ्यांचा ताण देऊन त्याला हवा तसा आकार आणतात. ते कसबी हाताचं काम. आपण घरी बियाण्याचा तुंबा करावा. देठाकडून झाकण कापायचं, आत पूर्ण वाळलेलं बी आणि चाळलेली राख भरायची, झाकण बसवून शेणमातीनं सांध लिंपायची.

दिवाळीचा कंदील

छत्तीसगडात बस्तर भागातले कारागीर वाळल्या तुंब्यावर तापलेल्या सुरीनं नक्षी करतात आणि भोकं पाडून दिवे करतात. आपणही आकाशकंदील करू शकतो. बुडाला हात जाईल एवढं तोंड कापावं, आतून साफ करावं. पेन्सिलीनं चांदण्या, वेल, स्वस्तिक काढून त्या रेघांवर गिरमिटानं भोकं पाडावीत. दोन भोकांत बोटाच्या पेराएवढं अंतर ठेवावं, नाहीतर साल तडकते. आत विजेचा लहान एलईडी दिवा सोडावा. पणती किंवा मेणबत्ती ठेवू नये. वाळला भोपळा सरपणासारखा पेट घेतो.

पहिली चूक : कडू आणि गोड जवळ लावणं

कडू भोपळा आणि भाजीचा दुधी एकाच जातीचे. मधमाश्या आणि पतंग एकाचा पराग दुसऱ्यावर नेतात. त्या वर्षी दुधी गोडच लागतो, पण त्याचं बी पुढच्या वर्षी पेरलं की कडू फळ येऊ शकतं. म्हणून घरचं दुधीचं बी धरायचं असेल तर दोहोंत निदान अर्धा किलोमीटर अंतर हवं. ते जमत नसेल तर दुधीचं बी विकतच घ्या.

हे का सांगतो? दुधीच्या कडूपणात विषारी द्रव्य असतं. २०१० साली दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा कडू दुधीचा रस पिऊन मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनं तज्ज्ञांची समिती नेमली. समितीचा सल्ला साधा आहे : रस काढण्याआधी फोड चाखा, कडू लागली तर थुंका आणि फळ टाकून द्या. शिजवल्यानं हा कडूपणा जात नाही. साखर-मीठ घालून झाकूही नका. खाल्ल्यावर उलट्या, पोटात कळ, जुलाब सुरू झाले तर घरगुती औषधात वेळ न घालवता दवाखाना गाठा. त्यावर उतारा नाही, पण वेळेवर उपचार झाले तर माणूस वाचतो.

दुसरी चूक : पोहण्याचा भोपळा

नद्यांवर पूल नव्हते तेव्हा माणसं भोपळ्याची सांगड बांधून पलीकडं जात. विहिरीत पोरं अजूनही पाठीला भोपळा किंवा डबा बांधून पोहायला शिकतात. पोहण्याचा भोपळा कधीही कोरू नये, त्याला भोक पाडू नये, बियांसकट अख्खाच ठेवावा. दोरी देठाला न बांधता भोपळ्याभोवती जाळी विणून मग बांधावी. देठ केव्हा तुटेल सांगता येत नाही. दरवर्षी वापरण्याआधी भोपळा पाण्याखाली दाबून धरावा. एक जरी बुडबुडा आला तरी तो बाद. आणि भोपळा कितीही चांगला असला तरी पट्टीचा पोहणारा माणूस पाण्यात असल्याशिवाय मूल विहिरीत उतरवू नका.

विक्रीचं काय?

शेवटी पैशाचा प्रश्न. तंबोऱ्याला मोठा, गोल, डागाविना, सारख्या जाडीचा भोपळा लागतो. वेलावर आलेल्या प्रत्येक फळाला तो मान मिळत नाही. म्हणून एकरानं लावायची उडी मारू नका. पहिल्या वर्षी बांधावर चार वेल लावा, वाळवायला शिका, दोन नमुने मिरजेच्या कारागिराला स्वतः नेऊन दाखवा. तो घेईन म्हणाला तर पुढचं पाऊल टाका.

लक्षात ठेवा

१. देठ सुकल्याशिवाय भोपळा तोडू नये.
२. सावलीत वाळवावा, खुळखुळल्यावरच कापावा.
३. करवत आणि गिरमिट वापरावं. विळा, कोयता नको. तोंडाला फडकं बांधावं.
४. कंदिलात विजेचा दिवा, ज्योत नको.
५. दुधीची फोड चाखल्याशिवाय रस काढू नये. कडू फळ टाकून द्यावं.
६. पोहण्याचा भोपळा अख्खा ठेवावा, पाण्यात दाबून तपासावा.

आजीबाई भोपळ्यात बसून लेकीकडून परत आली ती गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. भोपळा पक्का होता म्हणून ती घरी पोचली. तुमचाही पक्का निघो. रामराम!