खासगी दार आणि भगिनींचें मत
(एका सभेंत दिलेलें भाषण)



विहीर खासगी, देऊळ खासगी, पंगत खासगी, असें सांगून आमच्या वाडवडिलांस बाहेर उभें केलें. तेंच सोंग विलायतेंतल्या एका क्लबानें बायकांपुढें कसें आणलें, तें आज सांगतों.

लंडनास लॉर्ड्स नांवाचें क्रिकेटचें मैदान आहे. तें मेरिलबोन क्रिकेट क्लबाच्या मालकीचें. क्लब १७८७ सालचा. १९९८ पर्यंत सभासद फक्त पुरुष असत. रेचल हेहो फ्लिंट ह्या बाईंनीं इंग्लंडच्या कप्तान होऊन १९७३ सालीं बायकांचा पहिला विश्वचषक जिंकला. पुरुषांचा तर १९७५ सालीं सुरू झाला! ह्याच बाईंनीं १९९१ सालीं सभासदत्वासाठीं अर्ज केला, तेव्हां नांव नुसतें 'आर. फ्लिंट' लिहिलें. बाई कीं बाप्या, हें कळूंच नये!

१९९८ च्या फेब्रुवारींत मतें घेतलीं. निम्म्याहून अधिक मतें बायकांच्या बाजूनें पडलीं. पण नियम दोन तृतीयांशांचा, म्हणून ठराव पडला. सप्टेंबरांत तो पास झाला. २११ वर्षें लागलीं!

क्लब म्हणे खासगी! पण साऱ्या जगाच्या क्रिकेटचे कायदे हाच क्लब करतो. बायकाही त्याच कायद्यांनीं खेळतात. काम सर्वांचें आणि दार मात्र खासगी, हा कोठला न्याय? शिवाय बायकांस घ्यावें कीं नाहीं, हें ठरविणारे सगळे पुरुषच. जिच्यावर अन्याय, तिलाच मत नाहीं!

पण विलायतेस हंसूं नका. आमचे बाळू पालवणकर चर्मकार समाजांतले. पुण्यास हिंदूंच्या संघांत त्यांची गोलंदाजी चाले. चहाच्या वेळीं मात्र त्यांस बाहेर, मातीच्या निराळ्या भांड्यांत चहा मिळे. त्याच बाळूंनीं १९११ सालीं विलायतेंत शंभरावर गडी बाद केले. हाताचा गुण हवा, माणूस नको, अशी ही रीत!

आतां आपल्या घराकडे पाहूं. आमच्या भगिनी शेत खुरपतात, लोहाराचा भाता ओढतात, कुंभाराची माती मळतात. पण भावकीच्या बैठकींत त्यांस जागा कोठें? दाराआडून ऐकावें, इतकेंच. ज्यांच्या वडिलांनीं बाहेर उभें राहण्याचें दुःख भोगलें, त्यांनींच आपल्या घरच्या बाईस बाहेर ठेवावें काय?

म्हणून आमचें सांगणें एवढेंच. बाईस बैठकींत घ्यावें कीं नाहीं, ह्यावर पुरुषांचीं मतें घेत बसूं नका. आधीं तिला बसावयास जागा द्या, मत द्या. मग बैठक भरवा.