साक्षीदार कीं साथीदार?

३ मार्च १९९१ रोजीं, मध्यरात्र उलटल्यावर, अमेरिकेंतील लॉस एंजेलिस शहरीं जॉर्ज हॉलिडे नांवाचा एक गृहस्थ बाहेरच्या गलबल्यानें जागा झाला. सज्जांत येऊन पाहतो तों रस्त्यावर कांहीं पोलीस शिपाई रॉडनी किंग नांवाच्या एका कृष्णवर्णी मनुष्यास दंडुक्यांनीं बडवीत आहेत! हॉलिडे हा कांहीं वार्ताहर नव्हता. पण घरांत चित्रफितीचा लहानसा कॅमेरा होता. तो रोखून त्यानें तें दृश्य टिपलें. पुढें त्यानें पोलीस ठाण्यांत चौकशी केली. तेथें दाद लागेना, तेव्हां ती फीत स्थानिक दूरचित्रवाणी केंद्राच्या हवालीं केली. चार पोलिसांवर खटला झाला. १९९२ सालीं राज्याच्या न्यायालयांत त्यांपैकीं कोणीही दोषी ठरला नाहीं आणि शहरांत भीषण दंगल उसळली. १९९३ सालीं संघराज्याच्या न्यायालयांत मात्र दोघे दोषी ठरले.

योगायोग असा कीं, बरोबर सोळा वर्षांनीं, ३ मार्च २००७ रोजीं, फ्रान्सच्या घटना-परिषदेनें एका नव्या कायद्याविषयीं निर्णय दिला, आणि दोन दिवसांनीं तो कायदा जारी झाला. त्यांतील एका कलमान्वयें मारहाणीसारख्या हिंसक कृत्याचें जाणूनबुजून चित्रण करणारा त्या गुन्ह्याचा साथीदार ठरतो. आणि तें चित्र प्रसृत करणारास पांच वर्षें कैद व ७५,००० युरो दंड होऊं शकतो.

या कलमास कारणही तसेंच घडलें होतें. वाटेनें जाणाऱ्या एखाद्या निरपराध माणसास अकस्मात् थोबाडीत मारावी, सोबत्यानें तें दूरध्वनियंत्रावर टिपावें आणि मग मित्रमंडळींत हंशा पिकवावा, असा एक दुष्ट खेळ इंग्लंडांतील तरुणांतून फ्रान्सांत शिरला होता. येथें कॅमेरा मारहाणीनंतर येत नाहीं. त्याच्यासाठींच मारहाण होते. जखम भरून आली तरी विटंबना हातोहात फिरत राहते. अशा चित्रकारास साथीदार म्हणण्यांत अन्याय तो कोणता?

परंतु कॅमेरा धरणारे सारेच हात सारखे नसतात. कायद्यानें दोन अपवाद ठेविले: लोकांस वार्ता पुरविणें हा ज्याचा व्यवसाय आहे त्याच्या नेहमींच्या कामकाजाचा एक, आणि न्यायालयांत पुरावा म्हणून केलेल्या चित्रणाचा दुसरा. आतां हॉलिडेसारख्या मनुष्यास या तराजूंत घालून पाहावें. वृत्तव्यवसाय त्याचा नाहीं, म्हणून पहिला अपवाद त्याला लागू नाहीं. चित्रण पुराव्यासाठीं केलें असें तो म्हणूं शकेल. पण ठाण्यावर दाद न लागल्यामुळें तें लोकांपुढें मांडलें, याचें काय? जेथें आरोपी स्वतःच पोलीस, तेथें लोकांपुढें जाणें हाच पुष्कळदां न्यायालयाचा दरवाजा उघडण्याचा उपाय असतो.

२०२० च्या मे महिन्यांत मिनियापोलिस येथें पोलिसाच्या गुडघ्याखालीं जॉर्ज फ्लॉइडचा अंत झाला. तें दृश्य टिपून जगापुढें ठेवणारी सतरा वर्षांची एक मुलगी होती; पुढील वर्षीं पुलित्झर मंडळानें तिचा विशेष गौरव केला. त्याच २०२० सालीं फ्रान्सांत पोलिसांचे चेहरे वाईट हेतूनें प्रसिद्ध करण्यास बंदी घालणारें कलम पुढें आलें. पत्रकार व नागरिक रस्त्यावर उतरले. कलमाची शब्दरचना बदलण्यांत आली. तथापि गुन्ह्याची व्याख्या पुरेशी स्पष्ट नाहीं, म्हणून घटना-परिषदेनें २० मे २०२१ रोजीं तें रद्द ठरविलें.

दुर्बलाची विटंबना करणारा आणि त्याच्या वतीनें साक्ष देणारा, या दोघांच्या हातीं यंत्र एकच असतें. त्यांच्यांतील फरक व्यवसायाच्या दाखल्यावरून कळत नाहीं. मारणाऱ्याशीं त्याचें संगनमत होतें काय, आणि चित्र कशासाठीं दाखविलें, यावरूनच तो कळतो. कायद्यानें हा प्रश्न आधीं विचारावा. नाहीं तर टवाळखोर शिक्षा चुकविण्याची वाट शोधील, आणि सज्जांत उभा असलेला भला मनुष्य मात्र मुकाट्यानें खिडकी लावून घेईल.