ज्या लेकराला दुखत नाही, त्याच्याबद्दल

आम्ही घुग्घुसच्या बचत गटातल्या बाया. आज सिकलसेलचा विषय आहे, पण दुखणाऱ्या लेकराबद्दल आम्ही बोलणार नाही. ते आशाताई सांगतात, नर्सबाई सांगतात. आम्हाला बोलायचं आहे त्याच घरातल्या दुसऱ्या लेकराबद्दल, ज्याला काही झालेलं नाही असं आपण धरून चालतो.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत हा आजार आदिवासी घरांत आहे, तसा इतर समाजांतही आहे. 2016 च्या अपंगांच्या हक्कांच्या कायद्यात जे 21 प्रकार धरले, त्यात सिकलसेलही आहे. वरून लेकरू धडधाकट दिसतं, म्हणून कोणी मानत नाही, एवढंच.

आता असं घर डोळ्यांपुढे आणा. बापाची खाणीत रात्रपाळी. थंडीत पोराचे हातपाय दुखायला लागले, रात्रभर रडला. पहाटे आई त्याला घेऊन चंद्रपूरच्या दवाखान्यात गेली, तिथं भरती केलं. घरी कोण? अकरा वर्षांची मुलगी आणि तिच्याहून लहान एक. चूल तिच्याकडे, पाणी तिच्याकडे, धाकट्याला सांभाळणं तिच्याकडे. शाळा आठवडाभर बंद. वर्षातून असं चारदा झालं की गणित मागे पडतं, मग बाई वर्गात रागावतात, मग पोरगी म्हणते मला शाळेत जायचंच नाही. आणि आपण म्हणतो, हिला अभ्यासाची आवडच नाही!

गटातल्या बायांच्या मुलींना आम्ही एकदा बसवून विचारलं. एक म्हणाली, "मले काही होत नाही ना, म्हून मलेच सांगतेत सगळं." दुसरी बराच वेळ गप्प होती. मग हळूच म्हणाली, "मी भावाशी भांडली होती, त्याच रात्री त्याचं दुखणं उठलं." ही गोष्ट तिनं आईलाही सांगितली नव्हती. लेकरं असं मनात धरून बसतात. एका ताटात जेवलं तर आपल्याला लागेल का, हेही त्यांना वाटतं. आजी म्हणते सुनेच्या माहेरचं आहे, तेही त्यांच्या कानावर जातं.

म्हणून त्यांना खरं सांगा, समजेल अशा शब्दांत. हा आजार भांडणानं होत नाही, लागत नाही, कोणाच्या शापानं येत नाही. तो आईबाप दोघांकडून येतो. एकट्या आईला बोल लावायचं कारण नाही.

दुसरी गोष्ट तपासणीची. एका लेकराला आजार निघाला की त्याच्या सगळ्या भावंडांचं रक्त तपासायला हवं. आईबाप दोघंही वाहक, म्हणजे एएस असतील, तर दर बाळंतपणात शंभरातून पंचवीस शक्यता एसएसची, म्हणजे आजाराची. पन्नास एएसची आणि पंचवीस एएची, म्हणजे काहीच नसण्याची. काही बाया म्हणतात, चारातल्या एकाला झालं, आता बाकीचे सुटले. तसं नाही. दर वेळी शक्यता तेवढीच राहते. 1 जुलै 2023 ला सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत चाळीस वर्षांपर्यंतच्या सगळ्यांची तपासणी धरलेली आहे. भावंडं त्यात बसतात. चिठ्ठी मात्र जपून ठेवा. डब्यात तांदळाखाली ठेवलेली चिठ्ठी उंदरानं नेली, हेही आम्ही पाहिलं आहे.

बहीण एएस निघाली तर घाबरायचं नाही. वाहक माणसाला सहसा त्रास नसतो, तो शेतात राबतो, लेकरं वाढवतो. पण आपल्याकडे काय होतं? लग्नाच्या वेळी मुलीचा रिपोर्ट मागतात, मुलाचा कोणी दाखवत नाही. हे आम्हाला मान्य नाही. एएस मुलीला एए मुलगा मिळाला तर त्यांना एसएस मूल होत नाही. मुलगाही एएस किंवा एसएस असला तर धोका. मग एकट्या मुलीचा कागद पाहून काय कळणार? मुलाकडे रिपोर्ट मागा, आणि सोयरीक जुळायच्या आधी मागा. लपवालपवी केली तर पुढे भोगायचं लेकरांनीच.

तिसरं आमच्या गटाचं. कोणाचं लेकरू भरती झालं की त्या घरच्या बाकी लेकरांचं जेवण दोन बाया वाटून घेतात, आणि सकाळी मुलीची वेणी घालून तिला शाळेत पाठवतात. याला पैसा लागत नाही. येण्याजाण्याच्या खर्चासाठी अंतर्गत कर्ज त्याच दिवशी देतो, बैठकीची वाट पाहत नाही. भावाला पाणी पाज, थंडीत पांघरूण दे, ताप आला तर लगेच सांग, एवढं बहिणीला शिकवायला हरकत नाही. गोळ्यांचा हिशेब मोठ्या माणसानंच ठेवावा. आणि आई दवाखान्यातून आली की पहिल्या दिवशी थोडा वेळ या मुलीजवळ बसावं. तिच्या वहीत काय आहे ते पाहावं.

पुढच्या बैठकीला आशाताई येणार आहेत. ज्यांच्या घरी एसएस लेकरू आहे, त्यांनी बाकीच्या सगळ्या भावंडांची नावं आणि वयं कागदावर लिहून आणा. लग्न होऊन सासरी गेलेल्या मुलीचंही नाव लिहा.