शेवट ठाऊक असलेली गोष्ट



घोटीहून पहिन्यामार्गे निघालं की भातखाचरांच्या कडेकडेने आपण त्र्यंबकेश्वरला पोचतो. तिथे 30 एप्रिल 1870 रोजी धुंडिराज गोविंद फाळके जन्मले. दादासाहेब फाळके म्हणजे भारतीय चित्रपटाचे जनक, हे शाळकरी पोरही सांगेल. मग त्यांचं चरित्र वाचायचं कशाला?

त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट 1913 साली लोकांसमोर आला हे आपल्याला ठाऊक आहे. 1912 मधल्या फाळक्यांना मात्र ते ठाऊक नव्हतं. चाळिशी उलटलेली, छापखान्याची भागीदारी मोडलेली, विम्याची पॉलिसी गहाण टाकून विलायतेची वारी केलेली. उद्या काय होणार, हे घरात कुणालाच सांगता येत नव्हतं. त्या अनिश्चित दिवसांत आपल्याला नेऊन बसवणं, ही चरित्रकाराची खरी कला. शेवट माहीत असूनही जीव टांगणीला लागला, तर समजावं की लेखक कसलेला आहे.

पैसा उभा करायचा होता, पण हलत्या चित्रांवर विश्वास कोण ठेवणार? फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला. कॅमेरा समोर रोवून ठेवला आणि रोज थोडं थोडं चित्रण केलं. पडद्यावर मात्र बघता बघता कोंब फुटला, वेल चढली. ते पाहून कर्ज द्यायला माणसं पुढे आली. 'ते फार जिद्दी होते' असं दहा वेळा लिहून जे साधत नाही, ते हा एक वाटाणा करून जातो. म्हणून वाचताना विशेषणांवरून भराभर पुढे जा आणि अशा प्रसंगापाशी थांबा.

नायकाच्या शेजारी कोण उभं आहे, तेही बघा. त्या काळी कोऱ्या फिल्मला कडेची भोकं घरीच पाडावी लागत. अंधारात बसून ते काम फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी केलं. शिवाय चित्रपटातल्या सगळ्या मंडळींचा स्वयंपाक त्यांच्याकडेच. दागिनेही त्यांचेच गेले. ज्या चरित्रात त्यांना दोन ओळींत उरकलं असेल, ते मला अपुरं वाटतं.

आणि लेखकाला हे कळलं कुठून, हा प्रश्न सतत विचारा. मराठीत ही परंपरा जुनीच आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी महानुभाव पंथाच्या चक्रधरांना पाहिलेल्या माणसांना गाठून, विचारून विचारून 'लीळाचरित्र' सिद्ध केलं. फाळक्यांनी स्वतःची हकिकत 'नवयुग' मासिकात लिहून ठेवली आहे. पण माणूस स्वतःबद्दल बोलतो तेव्हा काही गाळतो, काही रंगवतो. ते ताडून पाहणं चरित्रकाराचं काम.

चरित्र यशाच्या पायरीवर थांबलं तर मला ते पटत नाही. बोलपट आले आणि फाळके मागे पडले. 1937 चा 'गंगावतरण' हा त्यांचा शेवटचा चित्रपट. 16 फेब्रुवारी 1944 रोजी नाशकात ते गेले, तेव्हा त्यांनीच उभ्या केलेल्या धंद्यात त्यांना जागा उरली नव्हती. ही पानं वाचवत नाहीत, तरी वाचावीतच.

बापू वाटवे आणि जया दडकर, दोघांनीही फाळक्यांवर लिहिलं आहे. वाचनालयातून दोन्ही पुस्तकं मागवा आणि एकच प्रसंग दोघांनी कसा सांगितला आहे, ते शेजारी शेजारी ठेवून वाचा.