स्वरवाचन शिकविणारे खेळणे

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाची संहिता)



ग्रंथालयाच्या शताब्दीच्या व्यासपीठावर खेळण्याचा विषय यावा, याचे काहींना नवल वाटेल. परंतु या विषयाचा ग्रंथालयाशी संबंध आहे आणि तो वाचनाचाच आहे. प्रत्येक जुन्या मराठी ग्रंथालयात संगीताचे एक कपाट असते. त्यात पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या 'क्रमिक पुस्तक मालिके'चे सहा भाग असतात, विष्णु दिगंबर पलुस्कर यांच्या परंपरेतील पुस्तके असतात, नाट्यपदांच्या स्वरलिपीचे संग्रहही असतात. कादंबऱ्यांच्या कपाटाची दारे दिवसातून दहा वेळा उघडतात. संगीताच्या कपाटाचे दार महिनोन्‌महिने बंद राहते. याचे कारण अरसिकता नव्हे. गाण्यावर जीव टाकणारे सभासद पुष्कळ आहेत, पण छापलेला स्वर वाचता येणारे फार थोडे. ज्याला अक्षरओळख नाही त्याच्या दृष्टीने ज्ञानेश्वरी आणि कोरा कागद यांत भेद नसतो. स्वरलिपीच्या बाबतीत सुशिक्षितांपैकी बहुतेकांची हीच अवस्था आहे. ती लहान वयात, हसतखेळत कशी दूर करता येईल, हा प्रश्न जुना आहे आणि निरनिराळ्या देशांत शिक्षकांनी तो हाताने काही घडवून सोडविण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रथम स्वरवाचन म्हणजे काय, ते पाहू. अक्षर वाचताना मुलाला चिन्ह आणि ध्वनी यांची सांगड घालावी लागते. स्वर वाचताना तिहेरी काम असते. हा स्वर कोणता, तो मागच्या स्वराहून किती उंच वा खाली, आणि तो किती काळ टिकवायचा, हे तिन्ही एकाच क्षणी डोळ्यांना कळावे लागते. कळले ते कानात उमटावे लागते. कानात न उमटता नुसते ओळखता आले, तर ते वाचन नव्हे. ती केवळ चिन्हांची पाठांतरे होत.

युरोपात या प्रश्नाला पहिला मोठा हात घातला तो अकराव्या शतकात इटलीतील ग्विदो दारेत्सो या ख्रिस्ती मठवासी शिक्षकाने. चर्चमध्ये गाणाऱ्या मुलांना एकेक स्तोत्र ऐकवून पाठ करून घ्यावे लागे आणि त्यात वर्षे जात. ग्विदोने रेषांवर आणि रेषांच्या मधल्या जागांत स्वर लिहिण्याची पद्धत व्यवस्थित बसविली आणि एका स्तोत्राच्या चरणांच्या आद्याक्षरांवरून 'उत्, रे, मी, फा, सोल, ला' ही नावे रूढ केली. ज्या कामाला पूर्वी दहा वर्षे लागत ते आता एका वर्षात, फार तर दोन वर्षांत होते, असा त्याचा दावा होता. पुढे त्याच्या नावाने 'ग्विदोचा हात' प्रसिद्ध झाला. डाव्या हाताच्या बोटांच्या पेरांवर एकेक स्वर कल्पायचा आणि शिक्षकाने पेरावर बोट ठेवताच मुलांनी तो स्वर गायचा. त्याच्या स्वतःच्या लेखनात हा हात आढळत नाही. पण शतकानुशतके युरोपातील मुले त्यावरच शिकली. स्वरवाचनाचे पहिले खेळणे म्हणजे मुलाच्या समोर धरलेला हा हातच होय.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या कामात सुताराची कारागिरी उतरली. एडिंबरो येथील संगीतशिक्षिका ॲन यंग, ज्या विवाहानंतर ॲन गन म्हणून ओळखल्या गेल्या, यांनी १८०१ साली आपल्या 'संगीत-खेळां'चे एकाधिकारपत्र मिळविले. त्यांची लाकडी पेटी उघडली की पटावर पंचरेषा दिसत. सोबत फासे, सोंगट्या, खुंट्या असत. मुले सोंगट्यांच्या खेळासारखा खेळ खेळत आणि खेळता खेळता स्वरांची स्थाने, कालमाने व स्वरसप्तके त्यांच्या अंगवळणी पडत. शिक्षणाचा कंटाळा टाळण्यासाठी जिंकण्याहरण्याची गोडी वापरावी, ही त्यामागची दृष्टी होती. पण या पेटीला आवाज नव्हता. मूल स्वर ओळखत असे, पण ऐकत नसे.

ही उणीव दुसऱ्या एका यंत्रात भरून निघाली, पण तेथे निराळीच अडचण उभी राहिली. डब्लिन येथे स्थायिक झालेल्या योहान बर्नहार्ट लोजिए या जर्मन शिक्षकाने १८१४ साली 'कायरोप्लास्ट' नावाच्या चौकटीचे एकाधिकारपत्र घेतले. पियानोवर बसविलेल्या या चौकटीत मुलाचे मनगट आणि बोटे जखडली जात, म्हणजे हाताची ठेवण बिघडू नये. त्याच चौकटीबरोबर एक फळी येत असे. तिच्यावर पंचरेषांत स्वर लिहिलेले असत आणि ती पट्ट्यांच्या मागे उभी केली की प्रत्येक लिखित स्वर नेमका आपल्या पट्टीच्या वर येई. डोळ्याने वरचे चिन्ह पाहायचे, बोटाने खालची पट्टी दाबायची, कानाने ध्वनी ऐकायचा, अशी तिन्ही इंद्रियांची गाठ तेथे पडली. लोजिएची कीर्ती एवढी झाली की प्रशियाच्या सरकारने त्याला बर्लिनला बोलावून घेतले. लंडनच्या संगीतकारांनी मात्र त्याच्यावर पत्रकांतून कडाडून टीका केली. आज कायरोप्लास्ट वस्तुसंग्रहालयात जमा झाला आहे. हात बांधून संगीत शिकविता येत नाही, हे काळाने सिद्ध केले. परंतु साध्या फळीमागील विचार मात्र खरा होता.

या सर्व खटाटोपात एक जुना वाद दडलेला आहे आणि तो आपल्याकडच्या स्वरलिपीलाही लागू पडतो. १७४२ साली रूसो या तत्त्वज्ञाने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे आकड्यांची स्वरलिपी मांडली. सा म्हणजे एक, रे म्हणजे दोन, असे सोपे गणित. त्यावर रामो या थोर संगीतकाराने आक्षेप घेतला, तो असा की पंचरेषेवर स्वरांची चढउतार एका दृष्टिक्षेपात दिसते. आकड्यांत ती मनातल्या मनात मोजावी लागते. हा आक्षेप बिनतोड असल्याचे रूसोने स्वतःच पुढे आत्मचरित्रात मान्य केले.

भातखंडे यांची लिपी आकड्यांची नसली तरी अक्षरांची आहे. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली बिंदू आणि तार सप्तकाला वर बिंदू, समेला फुली, खालीला शून्य. इतकी सुटसुटीत लिपी की कोणत्याही मराठी छापखान्याला ती छापता यावी. स्वराचे नाव तीत तत्काळ कळते. पण 'सा ग प सां' हे चार स्वर एकाच ओळीत, एकाच उंचीवर उभे असतात. डोळ्याला चढण दिसत नाही. मोठ्या माणसाच्या कानात ती चढण आधीपासून असते. सात वर्षांच्या मुलाच्या कानात ती घडवावी लागते. येथेच एका छोट्या यांत्रिक खेळण्याचा खरा उपयोग आहे.

हे खेळणे म्हणजे कागदाच्या पट्टीवर चालणारी, हाताने फिरवायची संगीतपेटी. तळहातावर मावेल एवढ्या या पेटीत पोलादाची एक फणी असते. फणीच्या दातांची लांबी कमीजास्त असल्यामुळे प्रत्येक दाताचा स्वर निराळा. प्रत्येक दातापाशी चांदणीच्या आकाराचे एक चिमुकले चाक असते. जाड कागदाच्या पट्टीवर छिद्रे पाडून ती पेटीत घातली आणि दांडा फिरविला की पट्टी पुढे सरकते. जेथे छिद्र येते तेथे चाकाचा काटा अडकतो, चाक फिरते आणि त्याचा दुसरा काटा फणीच्या दाताला छेडतो. बस्स, एवढीच यंत्ररचना. वीज नाही, काही लपविलेले नाही. मूल वाकून पाहील तर त्याला छिद्र येताना दिसते आणि स्वर निघताना ऐकू येतो.

पट्टीवर आडव्या रेषा छापलेल्या असतात, एका स्वराला एक रेषा. उभ्या रेषा मात्रा दाखवितात. म्हणजे पट्टीच्या रुंदीत स्वराची उंची आणि लांबीत काळ. पंचरेषेचे तत्त्व हेच. मुलाने 'सा रे ग म प ध नी सां' अशी छिद्रे पाडली की जिना तयार होतो. तीच पट्टी पालथी करून दुसऱ्या टोकाकडून घातली की आरोहाचा अवरोह होतो, आणि तो का झाला हे कोणी सांगावे लागत नाही. 'सारेग, रेगम, गमप' हा अलंकार छिद्रांत उतरविला की एकच आकृती एकेक पायरी वर सरकताना दिसते. लय आणि दुगुन यांतील भेद शिकविताना शिक्षकांची दमछाक होते. येथे तो हाताला कळतो. दांडा दुप्पट वेगाने फिरविला तर लयच बदलली. छिद्रे निम्म्या अंतरावर पाडली आणि दांड्याची गती तीच ठेवली तर दुगुन झाली. आणि छिद्र चुकीच्या रेषेवर पडले तर चूक तत्काळ ऐकू येते. चिकटपट्टी लावून ती दुरुस्त करता येते. रागावणारा कोणी नसतो.

यातील लहान पेट्यांच्या फणीला पंधरा दात असतात. पंधरा म्हणजे दोन सप्तके आणि वरचा एक षड्ज. सर्व स्वर शुद्ध, कोमल-तीव्र एकही नाही. वरवर ही उणीव दिसते. परंतु भातखंडे यांनी शुद्ध स्वरांचा बिलावल ठाट हाच आधार धरला, हे लक्षात घेतले तर हे विदेशी खेळणे मराठी मुलाच्या पहिल्या धड्याशी जुळते. 'सा रे ग प ध' घेऊन भूपाची आणि 'सा रे म प ध' घेऊन दुर्गेची स्वरचौकट त्यावर मांडता येते.

याहूनही मौजेची गोष्ट पुढे आहे. त्याच पंधरा दातांत मध्यमाला षड्ज मानले की कल्याण ठाटाची स्वरावली मिळते, कारण निषाद हा त्याचा तीव्र मध्यम होतो. पंचमाला षड्ज मानले की खमाज, धैवताला मानले की आसावरी, ऋषभाला मानले की काफी, गांधाराला मानले की भैरवी. निषादाला षड्ज मानले तर मात्र पंचमच सापडत नाही. प्राचीन ग्रंथांतील मूर्च्छनेचे तत्त्व पदवीच्या विद्यार्थ्यांनाही दुर्बोध वाटते. दहा वर्षांचे मूल पट्टीवरची छिद्रे केवळ काही रेषा वर सरकवून ते अनुभवू शकते.

यावर जाणकारांचा आक्षेप ठरलेला आहे आणि तो आदराने ऐकला पाहिजे. मींड, आंदोलन, श्रुतींचे सूक्ष्म भेद, कणस्वर यांपैकी काहीही छिद्रात मावत नाही. पोलादी दाताला भैरवाच्या ऋषभाचे आंदोलन कसे जमावे? हे सर्व खरे आहे. भूपाचे स्वर छिद्रांत मांडले म्हणजे भूप झाला नव्हे. राग गुरुमुखातूनच यावयाचा. पण पाटीवर 'क' गिरविणाऱ्या मुलाकडून कोणी काव्याची अपेक्षा करीत नाही, आणि त्यासाठी पाटी टाकूनही देत नाही. खेळण्याने गुरूची जागा घ्यावयाची नाही; गुरूकडे जाणाऱ्या मुलाचा डोळा तेवढा तयार करावयाचा आहे.

मात्र खेळणे कोणते, याविषयी सावध राहिले पाहिजे. १९७१ साली फिशर-प्राइस या अमेरिकन कंपनीने मुलांसाठी चावीचा ग्रामोफोन काढला. त्याच्या प्लॅस्टिकच्या तबकड्यांवर बारीक उंचवटे होते आणि ते वरच्या भुजेतील फणीला छेडीत. तबकडी म्हणजे खरोखर लिहिलेले गाणे होते. २०१० साली हेच खेळणे पुन्हा बाजारात आले. रूप तेच, पण आत फणी उरली नव्हती. तबकडीवरील खुणांवरून आतील विजेच्या मंडलाला केवळ कोणते गाणे वाजवायचे ते कळे. पहिले खेळणे स्वर वाचीत असे, दुसरे केवळ क्रमांक वाची. मुलाच्या हाती दोन्ही सारखीच दिसतात; पण पहिल्यात उत्सुक मुलाला उत्तर सापडते, दुसऱ्यात दार बंद असते. आज मुलांभोवती गाणारी यंत्रे उदंड आहेत. त्यांच्यापैकी बहुतेक दुसऱ्या प्रकारची आहेत.

या बडोदे नगरीत हा विचार परका वाटू नये. महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी १८८६ साली येथे गायनशाळा काढली. ज्या काळी विद्या घराण्याच्या उंबऱ्याआड राही, त्या काळी त्यांनी स्वरलिपी घडविली आणि पुस्तके छापून ती विद्या शाळेतील मुलांपुढे ठेवली. १९१६ साली भातखंडे यांच्या प्रयत्नाने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तीही बडोद्यातच. आणि १९१० साली महाराजांनी अमेरिकेहून बोर्डन या ग्रंथपालांना आणून ज्या ग्रंथालय-चळवळीची घडी बसविली, तिने लाकडी पेट्यांतून पुस्तके खेडोपाडी पाठविली. संगीताची लिपी आणि ग्रंथांची पेटी या दोन्ही गोष्टी या शहराने एकाच राज्यकर्त्याच्या काळात पाहिल्या.

तेव्हा शताब्दीच्या वर्षात एक लहानशी सूचना पदाधिकाऱ्यांपुढे ठेवावीशी वाटते. बालविभागाच्या एका मेजावर अशी एक संगीतपेटी, कोऱ्या पट्ट्यांचा गठ्ठा आणि छिद्रे पाडण्याचा पंच ठेवावा. शेजारी 'क्रमिक पुस्तक मालिके'चा पहिला भाग उघडा असावा. शनिवारी दुपारी एखाद्या जाणत्या सभासदाने तासभर बसून पुस्तकातील एक सरगम मुलांकडून पट्टीवर उतरवून घ्यावी. खर्च एखाद्या जाडजूड कोशाहून अधिक येणार नाही. मुलांनी पाडलेल्या पट्ट्या नाव व तारीख घालून जपून ठेवाव्यात. पुस्तकांप्रमाणे त्या देवघेवीतही असाव्यात.

दर वर्षी पाच मुलांना जरी छापलेला स्वर कानात उमटू लागला, तरी ते संगीताचे कपाट पुन्हा उघडू लागेल. गेल्या शंभर वर्षांत ज्यांनी ती पुस्तके पदरमोड करून विकत घेतली, बांधून घेतली आणि वाळवीपासून राखली, त्यांचे ऋण फेडण्याचा याहून सरळ मार्ग दुसरा नाही. ग्रंथ जपणे हे ग्रंथालयाचे अर्धे काम. तो वाचणारा घडविणे हे उरलेले अर्धे.