ज्वारीचा हप्ता

(वसंत व्याख्यानमाला, पौड, ता. मुळशी : पुष्प तिसरे)



पत्रिकेवर माझ्या नावाखाली विषय छापलाय, 'आरोग्य विमा सक्तीचा करावा का?' मी तीस वर्षं एका विमा कंपनीत दाव्यांच्या फायली तपासल्या. तेव्हा हा माणूस विम्याचीच तळी उचलणार, असं पहिल्या रांगेतल्या काही चेहऱ्यांवर मला दिसतंय. एक फाईल सांगतो, मग ठरवा.

पिरंगुटच्या एका कारखान्यातला सुपरवायझर. आई अंगणात घसरली, खुब्याचं हाड मोडलं. पॉलिसी तीन लाखांची. त्या काळच्या अटीप्रमाणे खोलीचं भाडं विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला तीन हजार. दवाखान्यात त्या दराची खोली रिकामी नव्हती, म्हणून त्यानं सहा हजारांची घेतली. वरचे तीन हजार आपण भरू, असा त्याचा सरळ हिशेब. अट तशी नव्हती. खोली दुप्पट महाग घेतली म्हणून सर्जनची फी निम्मी, भूल देणाऱ्याची निम्मी, थिएटरचा खर्चही निम्माच मंजूर. पत्रावर सही माझी होती. तो ऑफिसात आला, बिलं टेबलावर मांडली आणि म्हणाला, "साहेब, आई तीच, हाड तेच, डॉक्टर तोच. मग खोलीपायी ऑपरेशन निम्म्यावर कसं आलं?" मी त्याला कलमाचा नंबर सांगितला. दुसरं काही सुचलं नाही.

हा माणूस हप्ता वेळेवर भरणारा होता. उद्या कायद्यानं सगळ्यांना त्याच्यासारखं केलं, तर काय होईल, हा आजचा प्रश्न.

'सक्ती' हा शब्द मुळशीत जरा जपून उच्चारावा लागतो. 1921 च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला तो सक्तीच्याच विरोधात. टाटांच्या धरणासाठी सरकारनं कायद्यानं जमिनी घेतल्या, सेनापती बापट तुरुंगात गेले, गावं पाण्याखाली गेली आणि वीज मुंबईला. तेव्हाही सांगितलं गेलं की हे सगळ्यांच्या भल्याचं आहे. त्यामुळे भल्याचं म्हणून कुणी काही लादायला आलं, की इथला माणूस आधी विचारतो, वीज कुठं जाणार? विचारावंच.

तरीही सक्तीच्या बाजूचा युक्तिवाद कच्चा नाही. विमा म्हणजे शेवटी वर्गणी. गावच्या जत्रेला ज्यांना कुस्त्या बघायच्या आहेत तेवढ्यांनीच वर्गणी द्यायची असं ठरवा. वर्गणी वाढेल, मग काही जण गळतील, मग ती आणखी वाढेल. आरोग्याचं तसंच. पंचविशीतला पोरगा म्हणतो मला काय धाड भरलीय, आणि ज्याला साखर, बीपी, स्टेंट सगळं आहे तो धावत येतो. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञानं 1970 साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक गाजलेला लेख लिहिला, त्यातच त्यानं विचारलं होतं की पासष्टीनंतर माणसाला आरोग्य विमा मिळणं इतकं कठीण का होतं. आपल्याकडे नवा आरोग्य विमा घेण्यासाठीची पासष्टीची वयोमर्यादा विमा नियामकानं एप्रिल 2024 मध्ये काढली. दार उघडलं. हप्ता किती, हे मात्र बहुतेक कंपनीच ठरवते, आणि दारात आलेल्या कितीतरी आजी-आजोबांना तो आकडा ऐकून परत फिरावं लागतं.

म्हणून जर्मनीत बिस्मार्कनं 1883 साली कामगारांवर विमा सक्तीचा केला. स्वित्झर्लंडनं 1996 पासून प्रत्येक रहिवाशावर केला. अमेरिकेनं 2010 साली कायदा केला, कोर्टात वाद झाला की आज विम्याची सक्ती तर उद्या ब्रोकोलीची का नाही (आपल्याकडे कारल्याची म्हणा), आणि 2019 पासून तिथला दंड शून्यावर आणला गेला. स्विस कायद्यातली एक गोष्ट आपल्या चर्चेत कुणी सांगत नाही. तिथं मूळ विम्यात कंपनीला कुणालाही नाकारता येत नाही आणि त्या विम्यावर नफाही कमावता येत नाही. नागरिकाला बांधलं, तसं कंपनीलाही बांधलं.

आणि आपण तरी नवखे कुठे आहोत? कामगार राज्य विमा कायदा 1948 साली झाला. ज्याला आपण नुसतं 'ईएसआय कटतो' म्हणतो, तो सक्तीचा आरोग्य विमाच. मघाच्या सुपरवायझरच्या हाताखालचा, वीस हजार पगाराचा हेल्पर घ्या. त्याचे पाऊण टक्का म्हणजे दीडशे रुपये कटतात, मालक सव्वातीन टक्के म्हणजे साडेसहाशे भरतो. महिन्याला आठशे. त्यात त्याचं कुटुंब येतं, ओपीडी येते, औषधं येतात, आणि आजारपणाची रजा पडली तर अटी पुऱ्या केल्यावर वर्षात 91 दिवसांपर्यंत सत्तर टक्के पगारही. बाजारात ही पॉलिसी कुणी विकत नाही. दोष आहेत. चिंचवडच्या मोहननगरला किंवा बिबवेवाडीला जायचं तर पिरंगुटच्या माणसाचा दिवस मोडतो. आणि पगाराची मर्यादा! 2017 साली ती 21,000 झाली आणि पुढे वर्षानुवर्षं तिथेच बसून राहिली. पगारवाढ झाली, मर्यादा ओलांडली, की पुढल्या सहामाहीत माणूस ईएसआयच्या बाहेर. वाढ नको म्हणून हात जोडणारे कामगार मी पाहिलेत.

दुसरी सक्ती शेतकऱ्यांना ठाऊक आहे. 2016 च्या खरिपापासून पीककर्ज घेतलं की पीकविम्याचा हप्ता बँक परस्पर कापून घ्यायची. 2020 च्या खरिपापासून ही सक्ती उठली. दरम्यान भात आडवा झाला की दाद कुठं मागायची, हे भल्याभल्यांना कळत नव्हतं. हप्ता कापणारा बँकेत, पंचनामा करणारा तिसराच, आणि पैसे देणारी कंपनी फोनच्या पलीकडे.

तिसरी सक्ती बहुतेकांच्या लक्षातही नसेल. टाळेबंदीत, 15 एप्रिल 2020 ला, केंद्रीय गृह मंत्रालयानं कारखाने आणि कचेऱ्या उघडण्याच्या ज्या अटी घातल्या, त्यात एका ओळीत कामगारांचा वैद्यकीय विमा सक्तीचा केला होता. हिंजवडीतल्या मोठ्या कंपन्यांकडे ग्रुप पॉलिसी आधीच होती. माणच्या रस्त्यावरच्या टपरीवाल्यापर्यंत ती ओळ पोचलीच नाही.

आता कुणी म्हणेल, सरकारची महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे की. आहे, आणि मी तिची टिंगल करणार नाही. 2012 च्या जुलैत राजीव गांधींच्या नावानं आठ जिल्ह्यांत सुरू झालेली ही योजना पुढं राज्यभर झाली, 2017 साली महात्मा फुल्यांचं नाव मिळालं, आणि आता पिवळं, केशरी, पांढरं, कुठलंही रेशनकार्ड चालतं, पाच लाखांपर्यंत. पण ती ठरलेल्या शस्त्रक्रियांना आणि उपचारांना, दाखल झाल्यावर, यादीतल्या दवाखान्यात. कोळवण खोऱ्यातल्या एखाद्या घरात दर महिन्याला जी साखरेची आणि बीपीची गोळी विकत येते, तिला हे कार्ड चालत नाही. ताम्हिणीकडच्या वाडीवर लावणीत साप चावला तर पाच लाखांचं कार्ड खिशात असून भागत नाही. जवळच्या आरोग्य केंद्रात सर्पविषावरचं इंजेक्शन आणि ते देणारा माणूस लागतो.

मला जी गोष्ट आज मुद्दाम सांगायची आहे ती वर्ध्याची. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात डॉ. उल्हास जाजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीला आसपासच्या गावांत एक विमा उभा केला. हप्ता ज्वारीत. सुगी झाली की गोळा व्हायचा. ज्याची जमीन जास्त त्याचं माप मोठं, भूमिहीनाचं छोटं. बदल्यात गावात आरोग्यसेवक, औषधं, आणि अचानकचं दुखणं आलं तर रुग्णालयात उपचार. अट एकच होती. गावातल्या निदान पंचाहत्तर टक्के घरांनी ज्वारी दिली पाहिजे, नाहीतर त्या गावाला योजना नाही.

ही सक्ती नाही तर काय? फक्त ती माणसावर नसून गावावर होती. घराघरात जाऊन समजावायचं काम शेजाऱ्याचं. अकरलॉफनं इंग्रजीत मांडलेलं कोडं ज्वारीच्या पोत्यावर बसून सुटलं, असं मी माझ्या ऑफिसातल्या पोरांना सांगायचो, तर ती हसायची.

पण पंचाहत्तर टक्क्यांपेक्षाही मला दुसरी एक बाब मोलाची वाटते. ज्वारी घेणारा आणि उपचार करणारा एकच होता. माझ्यासारखा मधला माणूस, दावा कापणारा, त्या साखळीत नव्हताच. ईएसआय रखडत का होईना पाऊणशे वर्षं टिकला, त्यामागेही हेच कारण आहे. पैसे घेणाऱ्याच्या हातात दवाखानाही आहे. पीकविम्यात तसं नव्हतं. खाजगी आरोग्य विम्यातही नाही. तिथं हप्ता एक घेतो, बिल दुसरा लावतो, कात्री तिसरा चालवतो. हे असंच ठेवून सक्ती केली, तर आपण कायद्यानं तिघांना गिऱ्हाईक मिळवून देऊ. तिघं एक होणार नसतील, तर निदान बिलाचा आकडा तरी आधी बांधायला हवा. म्हणून माझं उत्तर असं : सक्ती चालेल, पण दवाखान्याच्या दरपत्रकाला हात घातल्यावर.

ते होत नाही, असं मला सांगू नका. 21 मे 2020 ला याच राज्याच्या सरकारनं खाजगी रुग्णालयांतल्या ऐंशी टक्के खाटांचे दर बांधून दिले होते. साधा वॉर्ड दिवसाला 4,000, अतिदक्षता 7,500, व्हेंटिलेटरसह 9,000. पळवाटा निघाल्या, वाद झाले, तरी आकडा भिंतीवर लागला आणि नातेवाईक त्याच्याकडे बोट दाखवून भांडू शकले. जानेवारी 2021 च्या नियमांनुसार तर प्रत्येक नर्सिंग होमनं दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची आहे. इथं बसलेल्यांपैकी किती जणांनी ती सनद वाचलीय? हात वर करा. दोन. त्यातल्या एक सिस्टर आहेत, त्यांना धरत नाही.

आता माझी अडचण सांगतो. सेवाग्रामचं माप मुळशीत आणायचं तर ज्वारीऐवजी इंद्रायणी तांदूळ घेऊ, त्यात काही अवघड नाही. अवघड आहे ते पंचाहत्तर टक्के. कोळवणच्या बाजूला गाव अजून गाव आहे, कुणाचं म्हातारं दवाखान्यात आहे हे सगळ्यांना कळतं. भूगावात या. तिथं एकाच ग्रामपंचायतीत तालमीतला पैलवान आहे, अकराव्या मजल्यावरचा, दहा लाखांची ग्रुप पॉलिसी असलेला इंजिनिअर आहे, आणि त्याच्या घरी भांडी घासायला येणारी, कसलाच विमा नसलेली मावशी आहे. तिघांची एकमेकांना नावंही माहीत नसतात. मग पंचाहत्तर टक्के कुणाचे मोजायचे? जत्रेच्या वर्गणीची पावती ज्या घरांत फाडली जाते त्यांचे, की सोसायटीचा मेंटेनन्स भरणाऱ्यांचे? आणि मावशी कुठल्या वहीत?

मी यावर पुष्कळ डोकं लावलंय, हिशेब जमलेला नाही. शेवटच्या रांगेतल्या ताईंनी मघापासून हात वर धरलाय. माईक तिकडे द्या.