शाळेत आलेला पाहुणा
(सेवाग्राम येथे प्रौढ साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



तुम्हांला आता वाचता येऊ लागलं आहे. एक धडा संपला की तुम्ही पान उलटता आणि पुढचा धडा धरता. पण धडा लिहिणारा माणूस कोण, तो पोटासाठी काय करतो, त्याला मुलंबाळं आहेत की नाहीत, हे आपण कधी विचारत नाही. पुस्तक म्हणजे झाडाला लागलेलं फळ, असंच आपल्याला वाटतं. पण पुस्तक माणूस लिहितो, आणि तो माणूस कधी कधी आपल्या गावाजवळही येतो. अशाच एका पाहुण्याबद्दल आज आम्ही बोलणार आहोत.

त्यांचं नाव डॉक्टर झाकीर हुसेन. ते १९६७ साली भारताचे राष्ट्रपती झाले आणि १९६९ साली त्याच पदावर असताना वारले. एवढं पुष्कळांना ठाऊक असतं. ते लहान मुलांसाठी गोष्टी लिहीत, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे.

ते कसे आले, ते आता सांगतो. गांधीजी १९३६ साली इथं राहायला आले. त्या वेळी या गावाला शेगाव म्हणत. बुलढाण्याकडेही एक मोठं शेगाव आहे. इकडची पत्रं तिकडे जात. त्या घोटाळ्याला कंटाळून १९४० साली गावाचं नाव सेवाग्राम केलं. आमची गोष्ट त्याच्याही आधीची, १९३७ सालची आहे. आम्ही तेव्हा जन्मलोही नव्हतो.

त्या वर्षी वर्ध्याला मारवाडी शाळेचा रौप्यमहोत्सव होता. पुढं याच शाळेचं नाव नवभारत विद्यालय झालं. त्या निमित्तानं २२ आणि २३ ऑक्टोबरला शिक्षणाची परिषद भरली. गांधीजी अध्यक्ष होते. काँग्रेसची सरकारं आलेल्या प्रांतांचे शिक्षणमंत्री आले होते. विनोबा होते, काका कालेलकर होते. आणि दिल्लीच्या जामिया मिलिया या संस्थेतून झाकीर हुसेन आले होते. वय चाळीस. जर्मनीत शिकून डॉक्टर झालेले. मोठ्या पगाराची नोकरी सोडा, पण जामियात पुरता पगार मिळण्याचीही खात्री नसे. तरी ते तिथंच राहिले.

परिषदेपुढचा प्रश्न सोपा नव्हता. त्या काळी शाळांचा खर्च बराचसा दारूच्या उत्पन्नातून चाले. म्हणजे बाप गुत्त्यावर पैसे टाकी आणि त्या पैशातून पोराची शाळा चाले! दारू बंद करावी तर शाळा बंद पडणार. गांधीजींनी यावर एक वाट सुचवली. प्रत्येक मुलाला सात वर्षं फुकट शिक्षण मिळावं. ते मातृभाषेतून मिळावं. आणि ते हाताच्या कामातून मिळावं. मुलांनी टकळीवर सूत काढावं, त्यातूनच गणित, भूगोल, इतिहास शिकावा. मुलांच्या हातून जो माल निघेल, त्याच्या किमतीतून गुरुजींचा पगार भागावा.

सभेत सगळे गांधीजींना मानणारे. अशा ठिकाणी मान डोलावणं किती सोपं, ते तुम्हांला ठाऊक आहे. आपल्या ग्रामसभेत काय होतं? सरपंच बोलतात, आपण ‘हो भाऊ’ म्हणतो आणि बाहेर आल्यावर पारावर बसून खरं बोलतो. झाकीर हुसेन यांनी सभेतच, गांधीजींच्या समोर बोलून दाखवलं. कामातून शिकवण्याची कल्पना अगदी नवी नाही, दुसऱ्या देशांतही ती चालते, असं ते म्हणाले. टकळीतून सगळेच विषय शिकवता येतील, असं त्यांना वाटेना. आणि मग त्यांनी मुख्य मुद्दा काढला. शाळेनं आपला खर्च आपणच काढावा, यावर फार जोर दिला तर गुरुजी गुरुजी राहणार नाही. तो मुकादम होईल. गरिबाच्या लेकरांकडून गुलामासारखं काम करून घेईल.

हा मुद्दा कास्तकाराच्या घरात लगेच कळतो. लेकरानं वावरात चार तास निंदण करणं आणि आईबरोबर निंदता निंदता ‘हे तण कोणतं, ते पीक कोणतं’ हे शिकणं, दोन्हींत हात तेच चालतात. एकात लेकरू वाढतं, दुसऱ्यात ते झिजतं. फरक कुठं पडतो? संध्याकाळी आपण मोजतो काय, त्यावर. ओळी किती झाल्या हेच मोजलं, तर लेकराकडे कोण पाहणार?

गांधीजी रागावले नाहीत. त्यांनी काय केलं पाहा. नव्या शिक्षणाचा आराखडा करायला एक समिती नेमली आणि तिचं अध्यक्षपद झाकीर हुसेन यांनाच दिलं. समितीत विनोबा होते, कालेलकर होते, कुमारप्पा होते, आर्यनायकम आणि आशादेवी होत्या. २ डिसेंबरला अहवाल तयार झाला. चाळीस दिवसांत! हल्लीच्या समित्यांविषयी आम्ही काही बोलत नाही. त्या अहवालात पैशाच्या बाजूला फार महत्त्व देण्याचा धोका स्पष्ट लिहिलेला आहे. सभेत बोललेली गोष्ट कागदावर उतरली. पुढच्या वर्षी, १९३८ साली, हिंदुस्थानी तालिमी संघ निघाला. त्याचे अध्यक्षही तेच झाले.

मुलांच्या बाजूनं बोलणं त्यांनाच कसं सुचलं? आमचा तर्क असा की त्यांना मुलांसाठी लिहायची सवय होती, म्हणून सुचलं. जो मुलांसाठी लिहितो, त्याला लिहिताना समोर एक मूल बसलेलं दिसतं. मंत्र्याला आकडा दिसतो. मुख्याध्यापकालाही हजेरीपट दिसतो, हे आम्ही जाणतो.

जामियाच्या लोकांनी मुलांसाठी ‘पयामे तालीम’ नावाचं मासिक चालवलं होतं. त्यांच्या गोष्टी उर्दूत आहेत. त्या गोष्टींवर त्यांनी स्वतःचं नाव घातलं नाही. रुकय्या रेहाना हे नाव घातलं. हे त्यांच्या मुलीचं नाव. ती लहानपणीच वारली होती. यावर आम्ही जास्त काही सांगत नाही. ज्यांचं लेकरू गेलं आहे, त्यांना सांगायची गरज नाही.

त्यांची एक गोष्ट थोडक्यात सांगतो. मूळ कल्पना दोदे नावाच्या फ्रेंच लेखकाची. झाकीर हुसेन यांनी ती आपल्या मातीत आणली. अल्मोड्याच्या डोंगरात अब्बू खां नावाचा एकटा म्हातारा राहतो. त्याच्या बकऱ्या जिवापाड जपलेल्या असतात, पण एकेक करून दोर तोडून डोंगरावर पळतात आणि लांडगा त्यांना खातो. मग तो चांदनी नावाची पांढरीशुभ्र बकरी आणतो. तीही झुरते. तिला डोंगर हवा असतो. अब्बू खां तिला कोठडीत कोंडतो, पण खिडकी उघडी राहते. चांदनी निघून जाते. एक दिवस ती डोंगरावर मोकळी हिंडते. रात्री लांडगा येतो. आपण जिंकणार नाही हे तिला ठाऊक असतं, तरी ती पहाटेपर्यंत लढते आणि मग पडते. झाडावरची पाखरं म्हणतात, लांडगा जिंकला. एक म्हातारं पाखरू म्हणतं, नाही, चांदनी जिंकली.

ही गोष्ट आम्ही शाळेत बरेचदा सांगितली. दर वेळी वर्गात दोन तट पडत. एकदा एका मुलीनं विचारलं, “गुरुजी, अब्बू खांचं काय झालं? तो रात्रभर जागा होता का?” आम्ही तीस वर्षांहून जास्त शिकवलं. त्या प्रश्नाचं उत्तर आमच्याजवळ नव्हतं. गोष्टीतही ते नाही.

लेखक शाळेत यावा तो अशा प्रश्नांसाठी. पण होतं काय? एका तालुक्याच्या शाळेत मुलांसाठी लिहिणारे एक लेखक पहिल्यांदाच येणार होते. आम्ही शेजारच्या गावाहून पाहुणे म्हणून गेलो. मुलं दहा वाजल्यापासून उन्हात बसलेली. लेखक आले. हार, नारळ, शाल झाली. पाच जणांची भाषणं झाली. मुलांना प्रश्न आधीच लिहून दिले होते आणि ते पाठ करून घेतले होते. “आपणांस लेखनाची प्रेरणा कोठून मिळाली?” असं सातवीचं पोर म्हणालं आणि खाली बसलं. लेखकही बिचारे घामाघूम. शेवटी ते मंचावरून उतरले आणि मुलांत येऊन मांडी घालून बसले. तेव्हा एका पोरानं हळूच विचारलं, “तुमच्या पुस्तकातली म्हैस खरी होती का?” लेखक हसले. म्हणाले, “खरी होती. आमच्या मामाची. फार मारकी.” मग जो गलका झाला! प्रत्येकाच्या घरी म्हैस होती आणि प्रत्येकाला तिच्याबद्दल सांगायचं होतं. दहा मिनिटं तसं चाललं. इतक्यात आभाराचं भाषण सुरू झालं.

आपल्या सेवाग्रामच्या आनंद निकेतन शाळेत मुलं बागेत आणि स्वयंपाकघरात काम करतात, सूत कातता कातता मोजतात. ही शाळा मधली बरीच वर्षं बंद होती. २००५ साली ती पुन्हा सुरू झाली. तुमच्यापैकी काहींची मुलं सरकारी शाळेत जातात. कोणत्याही शाळेत लेखक येणार असेल, तर आई-बापांनी आधी जाऊन दोन गोष्टी विचाराव्यात. मुलांनी त्यांचं पुस्तक वाचलं आहे का? आणि मुलांना बोलायला किती वेळ ठेवला आहे? पूर्वी तुम्ही शाळेच्या दारातूनच परत फिरत होता, आता तसं करू नका. सूचनाफळ्यावर कार्यक्रम लिहिलेला असतो. तो आता तुम्हांला वाचता येतो.

अब्बू खांच्या बकरीची गोष्ट हिंदीतही छापलेली आहे. अक्षरं आपलीच आहेत. पुढच्या बुधवारी वर्गात आपण ती पाळीपाळीनं मोठ्यानं वाचू. लेकरांना सोबत आणा. कंदील लागणार नाही, दिवे आहेत. बसायला पोतं मात्र घरून आणा, सतरंज्या कमी आहेत.